मुतखडा म्हणून सांगितलं ते

घरी आजही सगळ्यांना मला मुतखडा झाला होता असंच माहितीये. आई तर आता शेजारणींना सल्ले देते, हुलग्याचं माडगं द्या म्हणते, आमच्या धाकट्याचा खडा त्यानंच निघाला. मी शेजारी बसून मान डोलावतो. खरं काय झालं ते दादाला, वहिनीला, डॉक्टरांना आणि एका वॉर्डबॉय मामांना माहितीये, बास.

दोन्ही पालख्या हडपसरवरनं पुढं गेल्या त्या आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा ३३ वर्षांचा, रूमवर एकटा, रूममेट गावाला गेलेला. एका कानाचा बंद पडलेला जुना इअरफोन होता, त्याच्या वायरचा तुकडा मी लघवीच्या मार्गात घातला. लिहून टाकलं एकदाचं. का घातला याचं धड उत्तर माझ्याकडं आजही नाही, कुतूहल होतं, एकटेपणा होता, आणि रात्री दोन वाजता डोक्यात जे काय चालू असतं त्याचा सकाळी अर्थ लागत नाही एवढंच म्हणतो. दारू प्यायलो नव्हतो. तेवढं कारण असतं तर सांगायला बरं पडलं असतं.

काढायला गेलो तर येईना. आतनं कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. जरा ओढली तशी कळ मस्तकात गेली, घाबरलो, घाबरून अजून जोरात ओढली आणि हातात तुटका तुकडा आला, बाकीची आत. लघवीला बसलो तर आधी रक्ताचे थेंब, मग गुलाबी पाणी, आणि जळजळ अशी की भिंतीवर डोकं टेकवून उभा राहिलो. रस्त्यापलीकडं रात्रभर चालू असणारं हॉस्पिटल होतं. खिडकीतनं त्याचा लाल बोर्ड दिसत होता. मी चार वाजेपर्यंत त्या बोर्डाकडं बघत बसलो पण जिना उतरलो नाही. कॅज्युअल्टीत काय सांगायचं, काउंटरवरची मुलगी फॉर्मवर काय लिहिणार, कुणी ओळखीचं भेटलं तर, हेच डोक्यात. रक्त येतंय याची भीती त्या मानानं कमीच होती, आता विचार केला की याचंच नवल वाटतं.

दोन दिवसात रक्त थांबलं, जळजळ कमी झाली. मग मनानं ठरवून टाकलं की लघवीबरोबर गेली असणार, आपल्याला कळलं नसणार. माणसाला जे हवं असतं त्यावर त्याचा किती पटकन विश्वास बसतो बघा. वायर काय पाण्यात विरघळणारी गोळी आहे का, पण ठरवलं म्हणजे ठरवलं.

दहाव्या-बाराव्या दिवसापासनं सारखी लघवीला जायची भावना, गेलं की चमचाभर. मेडिकलवाल्याला नुसतं 'लघवीला जळजळ होते' सांगितलं, त्यानं ते गुलाबी सिरप दिलं, एक झाकण ग्लासभर पाण्यात. दोन दिवस गार वाटलं. मग जवळच्या क्लिनिकमध्ये गेलो, तिथंही तेवढंच सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि स्वच्छ म्हणाल्या की तरुण पुरुषांना असं इन्फेक्शन उगाच होत नाही, सोनोग्राफी करून घ्या. चिठ्ठीही लिहून दिली. ती चिठ्ठी मी पाकिटात तीन आठवडे फिरवली. त्यांची काही चूक नाही, अर्धीच गोष्ट सांगितल्यावर बिचाऱ्या काय करणार.

गोळ्या संपल्या की चार दिवसांनी परत तेच. लघवी गढूळ, आणि वास कसा तर बंद पडलेल्या सार्वजनिक मुतारीचा येतो ना तसा, डोळ्यात जाणारा. पाचव्या आठवड्यात एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, दात वाजायला लागले, दोन चादरी घेऊनही थांबेना. सकाळी ऑफिसला सुट्टी टाकली आणि सोनोग्राफीला गेलो. अजूनही खरं सांगायचं नाही असंच डोक्यात.

तिथले डॉक्टर पोटावर ते गार जेल लावून मशीन फिरवत होते, स्क्रीन माझ्याकडून तिरका होता. एका जागी थांबले, मागे-पुढे केलं, परत थांबले. म्हणाले, "आधी कधी किडनीचं ऑपरेशन झालंय का? स्टेंट घातलाय का आत?" मी म्हणालो नाही. "नक्की? कारण नळीसारखं काहीतरी दिसतंय लघवीच्या पिशवीत, गुंडाळलेलं." मी छताकडं बघत राहिलो. ते काही बोलले नाहीत, रिपोर्टमध्ये लिहिलं आणि युरॉलॉजिस्टला आजच दाखवा म्हणाले.

युरॉलॉजिस्टकडं दोन तास बसायला लागलं, सगळे साठीच्या पुढचे आजोबा, प्रोस्टेटवाले, प्रत्येकाबरोबर सून नाहीतर मुलगा. त्यातले एक मला म्हणाले, "तुम्ही एवढ्या लवकर कसे काय इथं?" काय सांगू. आत गेल्यावर मी तयारी करून आणलेलं वाक्य म्हणालो, आतमध्ये खाज येत होती म्हणून ते. डॉक्टर साधारण पंचावन्नचे, चष्मा कपाळावर. म्हणाले, "हे बघा, कारण मला नको. ते तुमच्याजवळ ठेवा. मला तीन गोष्टी सांगा, कशाची वस्तू, किती लांब, आणि कधी." माझं पाच आठवड्यांचं ओझं त्या वाक्यानं निम्मं झालं. इअरफोनची वायर, पाच आठवडे झाले, आणि लांबी विचारल्यावर मी म्हणालो असेल चार बोटं. तिथंही खोटंच बोललो, सवयच लागलेली.

त्यांनी लगेच एक्स-रे काढायला लावला. फिल्म लाइटबॉक्सवर लावली तेव्हा मीच बघितलं, कमरेच्या हाडांच्या मधोमध पांढऱ्या बारीक रेषेची जिलेबी. दोन वेढे आणि एक शेपूट खाली लोंबलेलं. त्यांनी सांगितलं की आत तांब्याची तार आहे म्हणून एवढी स्पष्ट दिसतेय, नुसतं प्लास्टिक असतं तर साध्या एक्स-रेमध्ये कदाचित दिसलंही नसतं. आणि जिलेबीभोवती धुरकट पांढरं दिसत होतं तो खडा. पाच आठवड्यात वायरवर मुतखडा चढायला लागला होता.

हे कसं होतं ते त्यांनी एका कागदाच्या पाठीमागं चित्र काढून सांगितलं, तो कागद मी अजून ठेवलाय. पुरुषाचा लघवीचा मार्ग साधारण १८ ते २० सेंटीमीटर असतो पण सरळ पाइप नसतो, बेसिनखाली जसा वळणाचा पाइप असतो तसा त्याला बाक असतो. आत येणाऱ्या वस्तूचं टोक त्या बाकावर भिंतीला जाऊन आपटतं. भिंत आतनं पातळ, लगेच मागं रक्तानं भरलेला स्पंजसारखा भाग, म्हणून रक्त येतं. अजून रेटलं तर टोक खऱ्या रस्त्यानं न जाता भिंतीत शिरून दुसरंच भुयार पाडतं, मग पुढं साधी नळी घालायची म्हटली तरी ती त्या खोट्या वाटेत जाते. बाकाच्या पुढं स्फिंक्टर, म्हणजे लघवी रोखून धरणारा स्नायू. माणूस घाबरला की तो आवळतो, त्यामुळं ओढताना कुणीतरी धरल्यासारखं वाटतं ते खरंच असतं, आपणच धरलेलं असतं. आणि हाताला लागत नाही म्हणून चिमट्यानं, सुईनं काढायला गेलं की वस्तू अजून वर सरकते. स्फिंक्टर ओलांडून पिशवीत गेली की संपलं, तिथं मोकळी जागा, वायर स्वतःभोवती गुंडाळते, गाठसुद्धा बसते. बायकांमध्ये तो मार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा आणि बराचसा सरळ, त्यामुळं त्यांच्यात वस्तू बऱ्याचदा सरळ पिशवीतच जाऊन पडते.

खड्याचं गणित वेगळंच निघालं. लघवीच्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, मोजता येणार नाहीत एवढ्या आणि पीएच ८. दोन दिवसांनी कल्चर आलं त्यात प्रोटियस नावाचा जंतू. हा जंतू युरियाचा अमोनिया करतो, म्हणून तो वास. अमोनियानं लघवी अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट होते आणि तसल्या लघवीत क्षार भराभर बाहेर पडून जी काय परकी वस्तू सापडेल तिच्यावर बसतात. मग मला विचारलं, मधे काही औषध घेतलं का. मी ते गुलाबी सिरप सांगितलं. डॉक्टर हसले, म्हणाले, "ते लघवी अल्कलाइन करायलाच असतं हो. तुमची आधीच होती." म्हणजे मी रोज सकाळ-संध्याकाळ खड्याला खतपाणी घालत होतो.

ताप होता म्हणून लगेच ऑपरेशन नाही, आधी ॲडमिट करून दोन दिवस सलाइनमधनं ॲंटिबायोटिक. इन्फेक्शन असताना आत दुर्बीण घातली तर जंतू रक्तात जाऊन सेप्सिस होऊ शकतो, बीपी कोसळू शकतं, त्यात माणूस जातोसुद्धा. क्रिएटिनिन काढलं, किडन्या शाबूत होत्या. आणि मग ते आलंच, सहीला नातेवाईक लागेल.

दादाला फोन केला तर वहिनीनं उचलला, तो शेतावर गेलेला. मी म्हणालो वहिनी, लघवीच्या पिशवीत खडा आहे, छोटं ऑपरेशन आहे, दादाला पाठवाल का. दादा कराडवरनं संध्याकाळपर्यंत पोचला, खंबाटकीत ट्रॅफिक लागूनसुद्धा. डॉक्टरांनी त्याला काही सांगायच्या आधी माझ्याकडं येऊन विचारलं, भावाला काय सांगू, तुम्ही म्हणाल तेवढंच सांगतो. मला वाटलं होतं रुग्णाचा भाऊ म्हटल्यावर ते सरळ सगळं ओतणार. मी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणालो सांगा सगळं, मला सांगायला लावू नका फक्त. ते बाहेर गेले. दादा आत आला तेव्हा त्याचं तोंड बघवेना, खुर्ची ओढून बसला, बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "खाल्लंस का काय?" मी म्हणालो उपाशी ठेवलंय. "बरं," म्हणाला आणि बाहेर जाऊन चहा पिऊन आला. आजपर्यंत त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालंय.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. पाठीत इंजेक्शन, पाय शिशाचे, मग ते पाय दोन बाजूला वर टांगतात ते बघवत नाही म्हणून डोळे मिटले. पण एकदा डोळे उघडले तर समोर मॉनिटर. आतली पिशवी लालभडक, सुजलेली, आणि मधे ती वायर, काळी असलेली आता राखाडी-पांढरी, खडबडीत. कराडला आमच्या गीझरची कॉइल बदलली होती तेव्हा जुन्या कॉइलवर जसा क्षार होता, हुबेहूब तसा. लेसरनं तो थर फोडला, कटकट आवाज येत होता, मग वायर तुकडे करून चिमट्यानं एका नळीतनं बाहेर काढली, नळी यासाठी की ती खरखरीत वायर जाताना मार्ग परत सोलून निघू नये. खालनं नाही निघालं तर ओटीपोटावर चीर देऊन पिशवी उघडावी लागेल यावर सही आधीच घेतलेली, ती वेळ आली नाही. ४० मिनिटं. मागनं डॉक्टरांचा आवाज आला, "चार बोटं म्हणाला होतात ना? चांगली वीतभर आहे ही."

नंतर त्यांनी ज्या केसेस सांगितल्या त्यात माझी वायर म्हणजे साधं प्रकरण. पेन्सिल, रिफिल, थर्मामीटर, केसातल्या पिना हे तर पुस्तकात जुनंच आहे. वाईट म्हणजे ते चुंबकाचे बारीक मणी, एकेक आत जातात आणि आत एकमेकांना चिकटून बसतात, मधे पातळ भिंत चिमटली तर तिचा रक्तपुरवठाच बंद. बटन सेल तर काही तासात जाळायला लागतो. मार्गाला भोक पडलं आणि लघवी आसपासच्या मांसात झिरपली की गळू होतं, बाहेर भगेंद्रासारखी वाट फुटते, आणि कधी कधी फोर्निअर गँगरीन म्हणून प्रकार होतो, त्यात वृषणाभोवतीची कातडी तासातासाला सडत जाते आणि सगळं कापून काढावं लागतं. मी म्हणालो डॉक्टर बास. ते म्हणाले, "तुम्ही पाच आठवडे काढलेत, मला दोन मिनिटं द्या." मग सांगितलं की अडकलं त्या रात्रीच आला असता, लघवी होत असो नसो, स्वतः ओढायचा प्रयत्न न करता, तेल-बिल न सोडता, पोटात काही न घेता, तर बहुतेक वायर मार्गातच सापडली असती आणि दुसऱ्या दिवशी घरी गेला असता. रात्रीच्या ड्युटीवरच्या पोराला यात काही नवीन वाटत नाही, एवढं ते दोनदा म्हणाले.

मग कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, दहा दिवस. आत टोकाला फुगा असतो, त्यात १० मिली पाणी भरतात म्हणून ती पडत नाही. मांडीला पिशवी बांधलेली. मधूनच आतली लघवीची पिशवी आवळते आणि नळी असतानासुद्धा आत्ता होणार असं वाटतं, घाम फुटतो. वॉर्डातले मामा पिशवी रिकामी करायला यायचे, मी तोंड फिरवायचो तर एकदा म्हणाले, "सायेब, तोंड कशाला फिरवताय, हितं सगळी सारखीच." पडून पडून मोबाइलवर या नळीचा इतिहास वाचला. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिननं आपल्या भावाला खड्याचा त्रास होता म्हणून सोनाराकडनं चांदीची, सांधे असलेली वाकणारी नळी करून घेतली होती. बाजूच्या खुर्चीवर माझा भाऊ तोंड उघडं टाकून घोरत होता, पायात चपला तशाच.

डिस्चार्जच्या दिवशी एक घोळ झाला. आपल्याकडं खडा काढला की तो डबीत घालून नातेवाइकाच्या हातात देतात, तशी सिस्टरनं दादाच्या हातात झाकणाची पांढरी डबी दिली, आत वायरचे तुकडे आणि चुरा. दादानं ती न बघता शर्टच्या खिशात टाकली. बिल साधारण ७० हजार, ते मी सेव्हिंगमधनं भरलं, कंपनीचा इन्शुरन्स असूनही क्लेम टाकलाच नाही, एचआरच्या टेबलावर तो कागद जायला नको म्हणून. हा लाजेचा अजून एक खर्च. गाडीतनं कराडला गेलो, प्रत्येक स्पीडब्रेकरला नळी आतनं हिसका देत होती, दादा ट्रकपेक्षा हळू चालवत होता आणि मागचे हॉर्न मारून शिव्या घालत होते.

घरी आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि पहिलं वाक्य, "खडा दाखव की रे, केवढा होता बघू." माझ्या पायाखालची जमीन सरकली. दादानं खिशावर हात ठेवला. आणि वहिनी आतनं पाण्याचा तांब्या घेऊन येता येता एकदम सहज म्हणाल्या, "आई, तो तपासायला पाठवतात मुंबईला, कशाचा बनलाय ते बघायला. हो की नाही भावजी?" मी म्हणालो हो. त्यांनी डिस्चार्जचं कार्ड वाचलं होतं हे मला चार दिवसांनी कळलं, कारण ते देवघराच्या फळीवर ठेवलेलं होतं ते तिथनं गायब होऊन माझ्या बॅगेत तळाशी आलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. मला फक्त एवढंच म्हणायच्या, "भावजी, पाणी प्या." दिवसातनं दहा वेळा. मग माडगं, पानफुटीची पानं, सगळं झालं, आणि मी सगळं निमूट प्यालो.

इथं संपायला पाहिजे होतं. गणपतीला ठणठणीत होतो. दिवाळीच्या आसपास लक्षात आलं की धार बारीक झालीये. आधी वाटलं थंडीमुळं. मग धारेला दोन फाटे फुटायला लागले, संपल्यावर पँटीत थेंब, ऑफिसच्या टॉयलेटमध्ये शेजारी दोन माणसं येऊन हात धुवून गेली तरी माझं चालूच. परत त्याच डॉक्टरांकडं. या वेळी सगळं खरं सांगितलं, न विचारता.

त्यांनी युरोफ्लो करायला लावला. पोट तुडुंब होईस्तोवर पाणी प्यायचं आणि मशीनवरच्या नरसाळ्यात लघवी करायची, बाहेर ग्राफ निघतो. चांगल्या माणसाचा ग्राफ डोंगरासारखा, चढतो आणि उतरतो, जोर सेकंदाला १५ मिलीच्या वर. माझा टेबलासारखा सपाट, ७ मिलीवर चढला आणि मिनिटभर तिथंच. वर पिशवीत १४० मिली शिल्लक राहिलेली. मग आरजीयू, म्हणजे खालनं डाय सोडून तिरकं झोपवून एक्स-रे. जळजळ सोडली तर काही नाही, पण फिल्ममध्ये तो पांढरा मार्ग छान रुंद येतो आणि बाकाजवळ एकदम दोऱ्याएवढा होतो, सेंटीमीटरभर, मग पुढं परत रुंद. बाटलीला गळफास लावल्यासारखं. स्ट्रिक्चर. त्या रात्री मी जिथं जोर लावून ओढलं तिथं जखम झाली, तिच्यावर पाच आठवडे इन्फेक्शन, मग जखम भरली ती आकसून भरली. कातडीवर भाजल्याची खूण राहते ना, ती मार्गाच्या आतनं चारी बाजूंनी.

डिसेंबरमध्ये परत पाठीत इंजेक्शन, दुर्बिणीतनं आत एक बारीक चाकू, बाराच्या काट्यावर चीर देऊन तो गळफास मोकळा केला. याला ओआययू म्हणतात. डॉक्टर स्पष्ट बोलले, बऱ्याच जणांचं हे परत आवळतं, आणि परत परत चिरत बसण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी झालं तर युरेथ्रोप्लास्टी, गालाच्या आतली कातडी काढून मार्गाला ठिगळ लावायचं. त्यात आपलं पुणं जगात नाव काढून आहे, डॉ. संजय कुलकर्णींची पद्धत त्यांच्याच नावानं ओळखली जाते आणि बाहेरच्या देशातले सर्जन ती वापरतात, असं ते मोठ्या अभिमानानं सांगत होते. मला त्या क्षणी फक्त माझा गाल जिभेनं चाचपावासा वाटला.

आणि मग जे सांगितलं त्यावर मी खरंच हसलो. काही महिने आठवड्यातनं दोनदा घरी स्वतः स्वतःला कॅथेटर घालायची, मार्ग परत आवळू नये म्हणून. ज्या गोष्टीनं इथवर आणलं तीच आता प्रिस्क्रिप्शनवर. सिस्टरनं शिकवलं, हात कोपरापर्यंत धुवायचे, सीलबंद पाकीट, एकदाच वापरायची नळी, वर पाण्यानं बुळबुळीत होणारा थर, टोक गोल आणि भोक बाजूला, म्हणजे पुढं टोचेल असं काही नाहीच. बाकापाशी अडली तर रेटायचं नाही, थांबायचं, श्वास सोडायचा, स्फिंक्टर सैल पडला की ती आपोआप पुढं जाते. नाहीच गेली तर काढून घ्यायची आणि फोन करायचा. मी विचारलं, नळी आतच राहिली तर? सिस्टर म्हणाली, "मागचं टोक केवढं मोठं आहे बघा, आत जाणारच नाही." ते रुंद, रंगीत टोक हातात धरून मी बराच वेळ बघत होतो.

डॉक्टरांनी सायकिऍट्रिस्टचं नाव पण लिहून दिलं होतं. मला राग आला, मी काय वेडा आहे का. ते म्हणाले वेडा नाही हो, पण ज्यांना वस्तू घालायची इच्छा परत होते त्यांना माझ्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त. तीन महिन्यांनी गेलो. चार वेळा गेलो. त्या बाई पहिल्यांदा फक्त झोप किती होते, रविवारी काय करता, कुणाशी बोलता, एवढंच विचारत होत्या, आणि रविवारी काय करता या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी टेलीमानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबरही दिला, रात्री-बेरात्री लागतो म्हणाल्या, फुकट आहे. एकदा लावला पण. पलीकडं मराठी बोलणारी मुलगी होती, मी नाव सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही.

परवा युरोफ्लो झाला, १८ मिली. डोंगर अगदी सह्याद्री नाही पण टेकडी म्हणता येईल. नळी आता पंधरा दिवसातनं एकदा.

मागच्या महिन्यात कराडला गेलो होतो, दादा पंपाची मोटर दुरुस्त करत होता, मला म्हणाला फडताळातनं टेप आण. फडताळात खालच्या कप्प्यात, खिळे आणि फ्यूजच्या तारा ठेवतो त्या डब्यामागं, ती पांढरी झाकणाची डबी. हलवली तर आत खुळखुळली. मी होती तशी मागं सरकवली आणि टेप घेऊन बाहेर आलो. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग म्हणाला, "काळी पाहिजे होती, ही पांढरी आणलीस." परत आत गेलो.